भाग अकरावा : तंजावरचं रोजचं ताट



आतापर्यंतच्या भागांत आपण किल्ले पाहिले, वेढे पाहिले, तह पाहिले. आज तोफ बाजूला ठेवू आणि पातेलं चुलीवर चढवू. विषय साधा आहे. दक्षिणेत येऊन जवळपास एकशे ऐंशी वर्षं राज्य केलेल्या मराठ्यांच्या घरी रात्रीच्या जेवणाला काय असायचं? आणि अचानक चार पाहुणे आले तर काय करायचे?

हा प्रश्न फौजी माणसाला क्षुल्लक वाटत नाही. माझ्या नोकरीत काही वर्षं मी पलटणीचा क्वार्टरमास्टर होतो. क्वार्टरमास्टर म्हणजे काय, तर दाणा, कपडा, भांडीकुंडी, सरपण सगळं बघणारा अधिकारी. शंभर जवानांचा लंगर चालू असताना रात्री नऊ वाजता निरोप येतो, "साहेब, दुसऱ्या तुकडीचे तीस जण वाटेत अडकलेत, इथेच जेवतील." त्या वेळी पंचपक्वान्नं उपयोगाची नसतात. डाळ किती, तांदूळ किती आणि पाणी उकळायला किती वेळ, एवढंच बघायचं असतं. निवृत्तीनंतर मी चेन्नईत नुंगंबाक्कमला स्थायिक झालो आणि तंजावरच्या मराठ्यांचा इतिहास वाचायला लागलो. तेव्हा दिसलं की हेच गणित इथे दोनशे वर्षांपूर्वी फार मोठ्या प्रमाणावर सोडवलं गेलं होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजे शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ, आदिलशाहीच्या फौजेबरोबर दक्षिणेत उतरले आणि १६७५-७६ च्या सुमारास तंजावर त्यांच्या हाती आलं. त्यांच्यामागून सरदार आले, कारकून आले, पुरोहित आले, वैद्य आले, बायकामुलं आली. ही सगळी माणसं ज्वारी-बाजरीच्या मुलखातली. आली ती कावेरीच्या खोऱ्यात, जिथे नजर जाईल तिथे भात. ज्वारी नाही, बाजरी नाही, कोकम नाही. आहे काय? तांदूळ, उडीद, तूर, चिंच, नारळ, तिळाचं तेल, केळीची पानं.

सैन्यात आम्ही याला "रेशन बदललं" म्हणतो. पंजाबी जवान अरुणाचलात गेला की पहिले पंधरा दिवस कुरकुरतो, मग भात खायला शिकतो. पण भातावर घालायचं कालवण मात्र आपल्या पद्धतीचंच करून घेतो. तंजावरच्या मराठ्यांनीही हेच केलं. धान्य तिथलं घेतलं, फोडणी आपली ठेवली.

याचा पहिला मोठा लेखी पुरावा संस्कृतात आहे. रघुनाथ गणेश नवहस्त नावाचे महाराष्ट्रातले पंडित. व्यंकोजींची राणी दीपाबाई यांचा त्यांना आश्रय होता. त्यांनी 'भोजनकुतूहल' नावाचा ग्रंथ लिहिला. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले थोर संशोधक प. कृ. गोडे यांनी या रघुनाथपंडितांचा काळ आणि त्यांचं काम उजेडात आणलं. ग्रंथ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्यात कोणतं धान्य पचायला हलकं, कोणतं जड, कोणता पदार्थ कोणाला मानवतो, याची चर्चा आहे. जिलबीची कृतीही आहे, नाही असं नाही. पण ग्रंथाचा पाया आयुर्वेदाचा. म्हणजे आज आपण ज्याला 'हेल्दी' म्हणतो तो विचार तंजावरात मराठी राज्य नवं असतानाच लिहिला गेला होता. आणि त्याच पंडितांनी दीपाबाईंच्या आश्रयाने मराठीतही लेखन केलं. परक्या मुलखात आलेल्या एका राणीला विद्या आपल्या भाषेत हवी होती, हे लक्षात ठेवा. पुढे याचा संबंध येणार आहे.

आता सांबार. हा विषय टाळला तर तुम्ही मला सोडणार नाही. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. संभाजीमहाराज तंजावरला चुलतभाऊ शहाजींकडे पाहुणे म्हणून आले, आमटीला कोकम मिळालं नाही, म्हणून चिंच घातली, आणि पाहुण्याच्या नावावरून त्याला 'सांबार' म्हणायला लागले. गोष्ट गोड आहे. पण इतिहासाच्या चाळणीतून ती खाली उतरत नाही. तारखा बघा. तंजावरचे शहाजी गादीवर आले १६८४ मध्ये आणि संभाजीमहाराज १६८९ मध्ये गेले. मधली पाच वर्षं संभाजीमहाराजांच्या मागे औरंगजेब स्वतः फौज घेऊन लागलेला. अशा काळात तंजावरला निवांत पाहुणचार घेतल्याचा समकालीन पुरावा कोणी पुढे ठेवलेला नाही. शिवाय शब्दाला राजाच्या नावाची गरजही नाही. 'संभार' म्हणजे सामग्री, जमवाजमव. हा जुना संस्कृत शब्द आहे. विदर्भात आजही कोथिंबिरीला 'सांबार' म्हणतात. मसाल्याची जमवाजमव ती सांबार, हे जास्त सरळ वाटतं.

मग त्या गोष्टीतलं काहीच खरं नाही का? एक गोष्ट खरी आहे. आमटीने मुलूख बदलला की तिची आंबट बाजू बदलते. कोकणात कोकम, देशावर आमसूल नाहीतर चिंचगूळ, कावेरीकाठी निव्वळ चिंच. पदार्थ कोणी एका राजाने एका रात्रीत शोधला असं होत नाही. तो हजार घरांतल्या बायकांनी दोन-तीन पिढ्यांत घडवला. त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत, म्हणून आपण राजाचं नाव लावतो.

आता दुसरी बाजू. तंजावर म्हटलं की सुबत्ता डोळ्यासमोर येते, पण अठरावं शतक तसं नव्हतं. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने इंग्रजांच्या मदतीने तंजावर घेतलं, राजे तुळजाजी कैदेत गेले, १७७६ मध्ये राज्य परत मिळालं. त्यानंतर पाच वर्षांत हैदरअलीची स्वारी आली. १७८१-८२ मध्ये खोऱ्यातली गावं उजाड झाली, गुरं नेली, पाटबंधारे मोडले. ज्या मुलखाला लोक भाताचं कोठार म्हणत, तिथे लोक उपाशी राहिले. ही आठवण ताजी असतानाच दुसरे सरफोजी लहानाचे मोठे झाले.

सरफोजींचा आमच्या शहराशीही संबंध आहे. गादीच्या वादात जिवाला धोका होता म्हणून १७९३ मध्ये या तरुण राजपुत्राला मद्रासला आणून ठेवलं. जर्मन मिशनरींच्या देखरेखीखाली ते इथे शिकले. तेव्हा नुंगंबाक्कम हे तळ्याकाठचं खेडं होतं. कंपनीच्या ताब्यात ते १७०८ मध्येच आलेलं. आज तळं बुजलंय, नाव तेवढं 'लेक एरिया' म्हणून उरलंय, आणि त्या तळ्याच्या जागेवर वळ्ळुवर कोट्टम उभं आहे. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला, वार्षिक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

फौज नसलेला राजा काय करतो? सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, धन्वंतरी महालात औषधांवर काम करवलं, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा मराठी इतिहास कोरून घेतला. आणि स्वयंपाकाचीही नोंद ठेवली. 'सरभेंद्र पाकशास्त्र' ही मराठी पोथी सरस्वती महालात आहे आणि ग्रंथालयाने ती छापलेलीही आहे. राजवाड्यात तीन मुदपाकखाने होते असं सांगतात : एक ब्राह्मणी शाकाहारी, एक मराठा पद्धतीचा सामिष, आणि तिसरा इंग्रजी, साहेब पाहुण्यांसाठी.

इथे मी तुम्हाला एक सावधगिरीची सूचना देतो. राजवाड्याची पोथी वाचून "तंजावरचे मराठे असं जेवत" असं म्हणू नका. आमच्या ऑफिसर्स मेसच्या 'डायनिंग इन'चा मेनू वाचून कोणी "भारतीय सैन्य रोज हे खातं" म्हणालं, तर तुम्ही हसाल. सैन्य रोज डाळ, भात, पोळी, भाजी खातं. मेजवानीची नोंद राहते, डाळभाताची राहत नाही. इतिहासाची ही खोडच आहे.

पण तंजावरच्या बाबतीत साध्या जेवणाची एक नोंद राहिली, आणि ती राजानेच करून ठेवली. मराठा राजांनी आणि त्यांच्या राण्यांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रं बांधली होती. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र एकाच ठिकाणी. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र सरफोजींनी बांधलं, आजही त्याची इमारत उभी आहे. १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंट टोरिनला या छत्रांबद्दल पत्र लिहिलं. छत्रांचा कारभार आणि उत्पन्न पूर्वीसारखं चालावं, हा त्याचा रोख. त्यात छत्रात काय होतं याचं वर्णन आहे. कोणत्याही जातीचा वाटसरू येवो, त्याला शिजवलेला भात मिळतो. ज्याला दुसऱ्याच्या हातचं शिजवलेलं चालत नाही त्याला कोरडा शिधा. आजारी पडला तर वैद्य, औषध आणि पथ्याचं खाणं. गरोदर बाई आली तर बाळंतपण होईपर्यंत सोय. आणि मला सगळ्यात भिडलेली गोष्ट म्हणजे, मध्यरात्री घंटा वाजते आणि पुकारा होतो की अजून कोणी जेवायचं राहिलं असेल तर त्याने यावं, अन्न तयार आहे.

मंडळी, क्वार्टरमास्टर म्हणून सांगतो, ही घंटा वाजवायला हिंमत लागते. पुकारा केल्यावर किती येतील ते माहीत नसतं. पातेलं रिकामं असेल तर पुकारा करता येत नाही. म्हणजे मध्यरात्रीपर्यंत भात शिल्लक राहील असा अंदाज रोज बांधायचा. हे पंचपक्वान्नांत जमत नाही. साधा, मोजका, भराभर वाढवता येणारा पदार्थ असेल तरच जमतं.

त्या व्यवस्थेत जातीच्या भिंती होत्या, शिधा वेगळा आणि पंगत वेगळी होती. ते झाकायचं कारण नाही. सैन्यात 'बडाखाना' होतो तेव्हा अधिकारी आणि जवान एकाच रांगेत एकाच पातेल्यातलं जेवतात. ते तेव्हा नव्हतं. पण उपाशी कोणी झोपायचं नाही, हा हुकूम होता.

हा हुकूम मराठ्यांच्या रक्तात जुना आहे. शिवछत्रपतींचं १६७० च्या दशकातलं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र अभ्यासकांना पाठ असतं. दाणा-वैरण आत्ताच बेहिशेब उधळलीत तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, असा त्याचा आशय. उंदीर दिव्याची वात पळवून गंजीला आग लावील, इतक्या बारकाव्यापर्यंत महाराज जातात. रोजचं रोज मोजून वापरलं तरच ऐन वेळी दुसऱ्याला देता येतं, हेच त्यातून शिकायचं.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी औरस मुलगा न ठेवता वारले आणि कंपनीने राज्य खालसा केलं. दरबारावर पोसलेली मराठी कुटुंबं नोकऱ्यांसाठी मद्रासला, त्रावणकोरला, म्हैसूरला पांगली. त्यांतलेच एक सर टी. माधवराव. कुंभकोणमला जन्मलेले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा, तिन्ही संस्थानांचे दिवाण झाले. या लोकांची मराठी घरात राहिली, शाळेत नाही. मुलं तमिळ आणि इंग्रजी शिकली, मोडी गेली, देवनागरीही बऱ्याच घरांतून गेली. आज चेन्नईत अशी घरं आहेत जिथे आजी मराठी बोलते, पण किराण्याची यादी तमिळ अक्षरांत लिहिते.

आमच्या इमारतीत अशाच एक आज्जी आहेत. तंजावरी मराठी बोलतात. पहिल्यांदा भेटलो तेव्हा राजकारणावर किंवा हवापाण्यावर आमचं एकमेकांना निम्मंच कळलं. पण "आज काय केलंत?" असं विचारलं आणि सगळं कळायला लागलं. आंबट भाजी, डांगर, पिठलं, मेतकूट, कोशिंबीर. घराबाहेर भाषेचा एक-एक बुरूज पडला, पण स्वयंपाकघराचा बालेकिल्ला अजून लढतोय.

यातले दोन-तीन पदार्थ नीट बघू, कारण रोजचं ताट म्हणजे नक्की काय ते त्यातून दिसतं.

आंबट भाजी म्हणजे पालकासारखी पालेभाजी, भिजवून शिजवलेली चणाडाळ, चिंचेचा कोळ, दाटपणाला थोडं पीठ, वर मोहरी-मेथी-सुक्या मिरचीची फोडणी. आपल्या अळूच्या फदफद्याची सख्खी बहीण. भाजी आणि कालवण एकाच भांड्यात.

डांगर पचडी म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ ताकात किंवा दह्यात कालवायचं, मीठ, हिंग, फोडणी. चूल पेटवायची ती फक्त फोडणीपुरती. आपल्याकडे डांगर कांदा घालून भाकरीशी खातात, इथे ते भाताशी खातात. तमिळ घरांतही याला 'डांगर पचडी'च म्हणतात. पदार्थ तमिळ घरात गेला आणि मराठी नाव घेऊन गेला.

तिसरी रसवांगी. वांगी, डाळ, चिंच, भाजून वाटलेले धणे, चणाडाळ, मिरची आणि खोबरं. तमिळ स्वयंपाकातला मानाचा पदार्थ आणि नावात सरळ आपलं 'वांगी'.

तिन्हींत काय समान आहे? डाळ आहे, आंबट आहे, तेल फोडणीपुरतं आहे, साखर नाही. आणि तिन्ही वाढवता येतात. हे राजवाड्यातलं जेवण नाही. कारकुनाच्या, वैद्याच्या, शिक्षकाच्या घरातलं आहे.

पण ते लिहिलं कोणी? मराठीत छापील पाकशास्त्राची पुस्तकं १८७५ च्या 'सूपशास्त्रा'पासून आहेत. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' आलं. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. तिने वाटी-चमच्याचं माप घराघरांत रुजवलं. इकडे मद्रासला १९५१ मध्ये एस. मीनाक्षी अम्माळ यांनी तमिळमध्ये 'समैत्तुप् पार', म्हणजे 'स्वयंपाक करून बघ', प्रसिद्ध केलं, आणि परदेशी निघालेल्या कित्येक नवविवाहित मुलींच्या पेटीत ते गेलं. अंदाजाने चालणारं ज्ञान मापात बसवलं की ते दुसऱ्याच्या हाती देता येतं. सैन्यात याला ड्रिल म्हणतात. या बायकांनी स्वयंपाकाचं ड्रिल-बुक लिहिलं. तंजावरी मराठी घरांतलं रोजचं ताट मात्र अजून बरंचसं आज्जींच्या हाताच्या अंदाजातच आहे. तो हात थांबला की ते गेलं.

आता हा इतिहास मला आज का लागतो, ते सांगतो. चेन्नईत मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महाराष्ट्रातून माणसं येतात. लातूर, जळगाव, कोल्हापूर, कुठून कुठून. रुग्ण आत, नातेवाईक बाहेर लॉजवर. भाषा कळत नाही, खिसा रिकामा होत असतो, आणि तीन दिवस इडली-डोसा खाल्ल्यावर चौथ्या दिवशी माणूस वरण-भातासाठी रडकुंडीला येतो. ओळखीतून ओळख निघते आणि फोन येतो, "काका, आम्ही अमक्या गावचे." आमच्या सौभाग्यवतींनी आणि मी ठरवून टाकलंय, की अशा माणसांना रात्रीचं जेवण घरी. त्यासाठी वेगळा बेत नाही. आमचं जे रोजचं तेच त्यांचं.

बेत ऐका. दोघांसाठी अर्धी वाटी तूरडाळ लागते, आम्ही एक वाटी लावतो. उरली तर सकाळी थालीपिठात जाते. पालेभाजी निवडून, धुऊन, कोरडी करून ठेवलेली असते. भाजलेल्या उडदाच्या पिठाचा डबा आणि मेतकुटाची बरणी कायम भरलेली. फोन आला की तांदूळ धुवायला ठेवायचा. भात होईपर्यंत डाळीतली निम्मी वरण म्हणून बाजूला काढायची, निम्मीत पालेभाजी आणि चिंच घालून आंबट भाजी करायची. पाच मिनिटांत डांगर. काकडीची कोशिंबीर. लिंबू, तूप. चाळीस मिनिटांत सहा माणसांचं ताट तयार. कांदा मी चिरतो, फोडणी त्या देतात. हुद्दा कोणाचा मोठा, ते तुम्हीच ठरवा.

पाहुणा आला की तळण काढायचं, गोड करायचं, चार भाज्या मांडायच्या, ही सवय आपल्याला लागलीय. त्यामुळे दोन नुकसानं होतात. करणारी बाई दमते आणि पाहुण्याला पुन्हा यायचा संकोच वाटतो. माझ्या वयाचे आम्ही बहुतेकजण साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्या खातो. आलेला पाहुणाही खातो. मग श्रीखंड-पुरी नेमकी कोणासाठी? मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले होते. पत्नीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. दोन घास वरण-भात खाल्ला आणि म्हणाले, "घरचं आहे." तिसऱ्यांदा भात मागून घेतला. मला तर आमच्या युनिटला मिळालेल्या प्रशस्तिपत्रापेक्षा ते मोठं वाटलं.

तुम्हाला एक काम देऊन आजचा भाग संपवतो. तुमच्या आईला, आजीला, सासूला, नाहीतर घरात जो स्वयंपाक करतो त्याला विचारा, की मंगळवारी रात्री काय करायचात? दिवाळीचं विचारू नका, लग्नाचं विचारू नका. साधा मंगळवार. किती माणसं होती, किती डाळ लागायची, आंबट कशाचं, अचानक कोणी आलं तर काय वाढायचं. वाटी-चमच्याच्या मापात लिहून घ्या, तारीख घाला, गावाचं नाव घाला. राजांच्या मुदपाकखान्याची पोथी सरस्वती महालात सुरक्षित आहे. तुमच्या घरच्या मंगळवारची पोथी तुम्हीच लिहायची आहे.

पुढच्या भागात पुन्हा किल्ल्याकडे वळू. मनोऱ्याला जाऊ, समुद्रकाठी. तोवर जेवून घ्या, आणि कोणी राहिलं नाही ना, एकदा विचारून घ्या.

जय हिंद.